रविवारी अडणारा हात

नवरा-बायकोला भांडायला जागा लागते, हे लग्न ठरवताना कुणी सांगत नाही. मानपान, मांडव, वाजंत्री, सगळ्यावर बैठका होतात. पण ही दोघं भांडणार कुठे, हा मुद्दा कुणाच्या डोक्यात येत नाही. मी आणि चांगुणा उसात जाऊन भांडायचो.

कारण मी घरजावई होतो. हौसेनं नव्हे. मी राधाकृष्ण, सुप्याकडच्या कोरडवाहू गावातला. शेतकीची पदविका घेतली आणि कोल्हारजवळच्या साखर कारखान्यात ओव्हरसियर म्हणून लागलो. तिथल्याच एका संचालकांची, सूर्यभानरावांची, एकुलती एक मुलगी मला सांगून आली. लग्नाचा मांडव उतरवतानाच सासरे म्हणाले, "कारखान्याची क्वार्टर मिळंपातुर ऱ्हावा की हितंच. घर काय खायला उठतंय का तुमाला?"

घर खायला उठलं नाही, त्यानं मलाच खाऊ घातलं. सासूबाई, म्हणजे गोजरबाई, तूप वाढायला आल्या की त्यांचा हात थांबत नसे. त्यांना मी मामी म्हणे आणि सासऱ्यांना मामा. दोन वर्षांत माझ्या सगळ्या पँटी शिंप्याकडून सैल करून आणाव्या लागल्या. पण त्या घरात आवाज चढवायची सोय नव्हती. मी चांगुणाला काही बोललो की मामी धावत येऊन माझी बाजू घेत, कारण जावयाचा मान. मग चांगुणा रडे. चांगुणा मला काही बोलली तरी मामी माझीच बाजू घेत, मग ती आणखी रडे. मामा कुणाचीच बाजू घेत नसत. ते ओसरीवर बसून नुसते खाकरत. त्या खाकरण्यापुढे माझं अर्धं वाक्य घशातच राही.

म्हणून उसात. समेटही उसातच करावा लागे, आणि उसाचं पातं कसं कापतं हे ज्याला ठाऊक आहे त्याला आमचा संसार कळेल.

"मला एकदा माज्या सैपाकघरात भांडं आपटून भांडायचंय," चांगुणा म्हणायची. "हितं भांडं आपटलं की आई इचारती, पोचा तर न्हाई ना आला?"

बहात्तर सालच्या चैत्रात क्वार्टर मंजूर झाली. पुढचा वैशाख अधिक होता आणि अधिकात कुणी घर बदलत नाही, म्हणून कचेरीनं सवलत दिली: अधिक संपेपर्यंत घेणार की नाही ते कळवा, नाहीतर नवे केमिस्ट रांगेत उभे आहेत. मी आनंदानं क्लबात गेलो. रविवारची सकाळ होती. मामांनी नुकतंच चीफ इंजिनिअरला बिलियर्डमध्ये लोळवलं होतं आणि चार संचालक बशीतून चहा ओढत कौतुक करत होते.

"मामा, ती क्वार्टर..." मी म्हणालो.

मामा खाकरले. माझं वाक्य तिथेच बसलं.

"क्वार्टर?" मामा खेळायच्या काठीच्या टोकाला खडू फासत म्हणाले. "आदी मला या टेबलावर हरवा जावईबापू. मंग खुशाल येगळं बिऱ्हाड करा."

चारी संचालक खो खो हसले. चारचौघांत बोललेला शब्द मामा कधी मागे घेत नसत, हे सगळ्या कोल्हारला माहीत होतं. आणि मामांना त्या टेबलावर आजवर कुणी हरवलेलं नव्हतं, हेही माहीत होतं.

त्या टेबलाबद्दल सांगायलाच हवं. नगरच्या कॅम्पातला एक जुना क्लब मोडीत निघाला, तिथून ते उसाच्या ट्रकमधून आलं. त्याच्या दगडी फरश्या उतरवताना गावातल्या बायकांनी विचारलं होतं की इतके गुळगुळीत धुण्याचे दगड घाटावर का बसवत नाहीत. कारखान्याच्या फिटरांनी पातळी लावून टेबल बसवलं, वर बनातीचं हिरवं लोकरी कापड ताणलं, सगळं शास्त्रशुद्ध केलं. पण खाली जमीन आमची, काळी कसदार. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. त्यामुळे टेबल उन्हाळ्यात प्रवरेकडे उतरायचं आणि पावसाळ्यात नगर-मनमाड रस्त्याकडे. बाहेरून आलेला कुणी शहाणा सरळ मारी आणि त्याचा चेंडू नदीला जाई.

मामा सरळ मारतच नसत. जन्मभर उसाला पाणी दिलेला माणूस. टेबलाकडे ते वाफ्याकडे बघावं तसं बघत आणि उतार धरून चेंडू सोडून देत. चेंडू रमत गमत, वळण घेत, बरोबर पॉकेटात जाऊन पडे. आणखी एक सवय. शेतात दारं धरणारा माणूस जसा सरीच्या शेवटाशी उभा राहून पाणी पोचतंय का ते बघतो, तसे मामा दुसऱ्याचा डाव असला की टेबलाच्या पलीकडे, जिकडे चेंडू जायचा त्या पॉकेटापाशी, कमरेवर हात ठेवून उभे राहत. त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे. चेंडू येतोय का ते बघायचं, बस.

आमच्या क्लबातले नियम सोपे होते. दोन पांढरे चेंडू, एक तांबडा. आपल्या पांढऱ्यानं तांबड्याला पॉकेटात घालायचं, की तीन गुण. जो आधी पन्नास ओलांडेल तो जिंकला. इंग्रजांचे बाकीचे नियम संचालक मंडळानं एकमतानं रद्द केले होते.

मी कृपादान सरांकडे गेलो.

कृपादान सर नगरच्या मिशनच्या शाळेत जन्मभर मराठी आणि सुलेखन शिकवून निवृत्त झाले होते आणि कारखान्याच्या शाळेत मुलगी शिक्षिका होती तिच्याकडे राहायला आले होते. तरुणपणी ते छावणीतल्या गोऱ्या साहेबांना मराठीच्या परीक्षेसाठी शिकवायला जात. साहेब लोक मराठीत नापास झाले, पण सर बिलियर्ड शिकले. आता क्लबाच्या टेबलाची देखरेख त्यांच्याकडेच होती. अतिशय तापट गृहस्थ. खडू हातात आला की समोरचा माणूस त्यांना इयत्ता तिसरीतला दिसे.

"वाक," सर म्हणाले.

मी वाकलो.

"याला वाकणं म्हणतात? विहिरीत डोकावतोस का? हनुवटी काठीला लागू दे. कोपर वर. कोपराखालचा हात घंटेच्या लोलकासारखा. मार."

मी मारलं.

"थांबलास का?"

"चेंडूला लागली की काठी."

"लागली म्हणून थांबायचं?" सरांचा आवाज क्लबाबाहेर गेला. "अरे गाढवा, 'क' काढताना काना ओढलास, आणि शेवटचं वळण यायच्या आत बोरू उचललास, तर त्याला 'क' म्हणतील का? चेंडू हा रस्त्यातला मुक्काम आहे, शेवटचं गाव नव्हे. काठी चेंडूच्या पार पुढे गेली पाहिजे. हात पुढे जाऊ दे. वीतभर. पुन्हा!"

कचेरी सुटली की रोज संध्याकाळी आमचा कित्ता चाले. सर मला चेंडूला हात लावू देत नसत. आधी नुसती काठी मागेपुढे, मागेपुढे. मग त्यांनी एक रिकामी बाटली दिली, कसल्याशा काढ्याची. म्हणाले, "घरी ही आडवी ठेव आणि काठीचं टोक तिच्या तोंडातून आत घाल, बाहेर काढ. काचेला स्पर्श होता कामा नये. ज्या दिवशी आवाज येणार नाही त्या दिवशी तुझा हात सरळ झाला."

मी पहाटे उठून माजघरातल्या धान्याच्या पेटीवर बाटली आडवी ठेवली, वेळूची एक सरळ काठी तासून घेतली, आणि वाकून सुरू झालो. टिंग. टिंग. टिंग. मामी जात्यापाशी जाताना बघत, येताना बघत. एक अक्षर बोलत नसत. जावयाला कसं विचारणार? आठवडाभर त्यांनी ते सहन केलं. शेवटी एका पहाटे त्या माझ्या हातातून हळूच बाटली घेऊन गेल्या आणि परसात जाऊन मुसळानं फोडून आल्या.

"बघितलं सगळं," त्या पदरानं हात पुसत म्हणाल्या. "आत काय बी अडाकल्यालं न्हाई. उगं जिवाला तरास करून घिऊ नगा."

चांगुणा हसू दाबायला चुलीमागे पळाली. तिला तिथेही मोठ्यानं हसता आलं नाही. आम्ही संध्याकाळी उसात जाऊन हसलो.

पण हात सुधारला, हे खरं. नवी बाटली आणली, टिंग बंद झालं. सर मग चेंडू मांडू लागले. सोमवारी मी तांबडा घालत होतो, मंगळवारी घालत होतो, शनिवारपर्यंत तर उताराचा हिशेब धरूनही घालू लागलो. काठी चेंडूच्या पार पुढे जाई आणि बनातीवर टेकून थांबे. सर एकदा चक्क "बरं" म्हणाले. त्यांच्या सगळ्या शाळेत तो शब्द दोन-तीन मुलांनीच ऐकला असेल.

आणि रविवारी मी हरलो.

पुढच्या रविवारीही हरलो. त्याच्या पुढच्याही. थोडाथोडका नव्हे, सपाटून. मी वाकलो, काठी मागे घेतली, पुढे आणली, की चेंडूला लागता लागता हात असा थबके, जसा कुणी मागून सदरा धरला आहे. चेंडू निम्म्यात जाऊन प्रवरेकडे वळे. मामा पलीकडून बघत. एकदा तर मामांनी स्वतःचा डाव असा सोडला होता की तांबडा अगदी पॉकेटाच्या ओठावर उभा. फुंकर मारली तरी पडावा. मला वाटलं, चिडवतात म्हातारे. मी मारलं, हात थबकला, चेंडू पोचलाच नाही. मामांनी मान हलवली आणि संचालक मंडळ पोट धरून हसलं.

"सोमवार ते शनिवार मोत्यासारखं अक्षर," कृपादान सर दात ओठ खात म्हणाले, "आणि रविवारी शाई सांडून ठेवतोस. काय होतं तुला?"

"ठाऊक नाही सर."

सर विचारात पडले. मग ते स्वतः पलीकडे, मामांच्या जागेवर जाऊन उभे राहिले. "मार." मी मारलं. तांबडा आत. सरांनी पुन्हा विचार केला. त्या दिवशी मामा त्यांचा फेटा क्लबातच खुंटीवर विसरून गेले होते. सरांनी एक उंच खुर्ची ओढून पॉकेटापाशी ठेवली आणि तिच्या पाठीवर तो फेटा चढवला.

"मार."

मी वाकलो. काठीच्या रेषेत, बरोबर टोकासमोर, तो तांबूस फेटा. काठी मागे गेली, पुढे आली, आणि थबकली.

"देवा येशू," सर म्हणाले आणि खुर्चीवर बसले. फेट्यावरच बसले, हे नंतर लक्षात आलं. तो झटकून पुन्हा बांधायला आम्हाला अर्धी संध्याकाळ लागली, आणि तरी दुसऱ्या दिवशी मामांनी विचारलंच की फेट्याला झालं काय.

मग मी सरांना सांगितलं. आमच्या घरात विळा द्यायचा तर मूठ पुढे करून देतात. कुऱ्हाड खांद्यावर असली आणि समोरून वडीलधारं माणूस आलं तर पातं मागे फिरवतात. काठीचं टोक थोरल्या माणसाकडे करायचं नाही, हे मला चालायच्या आधी शिकवलं होतं. एकदा थोरल्या चुलत्यांकडे बैल हाकायची पराणी रोखली म्हणून तीच पराणी पाठीत बसली होती. आणि इथे तर साक्षात सासरा. ज्याच्या घरात राहतो, ज्याचं तूप खातो, त्याच्या पोटाकडे काठी करून वीतभर पुढे कशी ढकलायची?

"त्यांना बाजूला उभं राहायला सांग."

"मी? मामांना?"

सरांनी कपाळावर हात मारला. त्यांच्या कपाळावर खडूचा निळा डाग उमटला.

तोड काढली ती चांगुणानं, उसात. भांडणाच्या मध्येच ती एकदम थांबली.

"अवो, येत्या रविवारी धोंड्याचं जेवान हाय."

"मग?"

"मंग काय मंग! त्या दिशी बाबा तुमचं पाय धुनार. तुमी नारायन. त्या दिशी थोरलं कोन? तुमी. तवाच खेळा."

अधिक महिन्यात जावयाला जेवायला बोलावतात, पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, अनारशांचं वाण देतात, आणि सासू-सासरे मुलगी-जावयाची लक्ष्मी-नारायण म्हणून पूजा करतात. तो दिवस अधिक महिन्यातला शेवटचा रविवार होता. त्यानंतर क्वार्टर केमिस्टची.

रविवार उजाडला. पण त्याच घरात राहणाऱ्या जावयाला त्याच घरात बोलवायचं कसं? मामी अडून बसल्या. पाहुणा बाहेरून यायला पाहिजे. शेवटी मी नवीन कपड्यांची पिशवी काखोटीला मारून मारुतीच्या देवळापर्यंत गेलो आणि उन्हात उभा राहिलो. येणारे जाणारे विचारत, "काय जावईबापू, गावाला निगाला का?" मी म्हणे, "नाही, आलोय." थोड्या वेळानं मामा स्वतः फेटा बांधून न्यायला आले. अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "या या पाव्हनं. वाटंत काय तरास?"

"काही नाही," मी म्हणालो. "रस्ता ओळखीचा होता."

घरी आम्हा दोघांना पाटावर बसवलं. मामांनी फेटा उतरवून बाजूला ठेवला, गुडघ्यावर बसले आणि तांब्याच्या परातीत माझे पाय धुवायला लागले. मी वरून बघत होतो. मामांच्या डोक्यावर केस नव्हते, पण ते डोकं मी दोन वर्षांत असं वरून, जवळून कधी बघितलंच नव्हतं. मधोमध जखमेचा एक जुना वण होता आणि कानामागे थोडीशी पांढरी लव. पाय धुताना ते माझ्या बोटांच्या बेचक्यातूनही अंगठा फिरवत होते, नीट, काळजीनं, लहान मुलाचे धुवावेत तसे. मला भडभडून आलं. नारायण वगैरे काही वाटलं नाही. उलट वाटलं, आता तर या माणसाकडे काठी करणं साफ अशक्य आहे.

मग जेवण. धोंडे म्हणजे पुरणाचे उकडलेले गोळे, मुठीएवढे. त्यावर तूप. त्या दिवशी जावयानं नको म्हणायचं नसतं, हे मामींना पक्कं माहीत होतं. आणि मामाही हातानं वाढत होते, "घ्या नारायन, अजून एक." संध्याकाळी क्लबात डाव आहे हे ठाऊक असून. नवा टेरिलीनचा शर्ट माझ्या अंगावर ढोलकीच्या चामड्यासारखा ताणला गेला.

ऊन उतरल्यावर क्लबात गेलो. सगळं संचालक मंडळ हजर. बाजूच्या खोलीत बायकांची पानसुपारी काढली होती, म्हणजे चांगुणा आणि मामीही दाराआडून बघणार. कृपादान सर पाटीवर खडूनं गुण मांडायला बसले.

मी पहिला डाव घेतला आणि वाकताच आलं नाही. पोट टेबलाच्या कडेवर आडवं आलं.

"वाक!" सर पुटपुटले.

"धोंडे आहेत सर."

कसाबसा तिरका झालो. पहिले काही डाव मामा अजून फेटा सारखा करत अलीकडेच बसले होते, तेवढ्यात मी गुण उरकून घेतले. मग ते उठून सवयीनं पलीकडे गेले, सरीच्या शेवटाशी, आणि माझा हात पुन्हा अडायला लागला. मामांचा चेंडू मात्र पाण्यासारखा चालला होता. तरी कधी नव्हे ते अधूनमधून त्यांचाही नेम हुकत होता. पाटीवर गुण वर चढत गेले आणि शेवटी अशी वेळ आली की दोघांनाही एकच तांबडा हवा होता. जो घालेल तो जिंकला. आणि डाव माझा होता.

तांबडा टेबलाच्या मध्यावर. रेषा सरळ. पलीकडे मामा, कमरेवर हात. मी वाकलो. काठीच्या टोकापलीकडे मला त्यांचं पोट दिसलं, त्यावरचा पांढरा सदरा, आणि सकाळी माझे पाय धुताना त्यावर पडलेला पाण्याचा वाळलेला डाग.

दाराआडून बांगड्यांचा आवाज आला. चांगुणाच्या. ती ओठ घट्ट मिटून उभी असणार, हे मला न बघता कळलं. दोन वर्षं ती तशीच उभी होती.

मी सरळ उभा राहिलो. काठी जमिनीला टेकली.

"मामा," मी म्हणालो.

मामा खाकरले.

"मामा, मला आणि चांगुणाला क्वार्टरमध्ये राहायला जायचंय. आज हरलो तरी जायचंय. तुमच्या घरात आम्हाला काही कमी नाही. पण तिला तिची चूल पाहिजे, आणि मला तिच्याशी मोठ्यानं बोलायचंय. तुम्ही रागावलात तरी जायचंय."

मी स्वतःच दचकलो, वाक्य इतकं लांब गेलं म्हणून. मग वाकलो, पोट आत घेतलं, आणि मारलं. हात गेला. चेंडूच्या पार पुढे, वीतभर, दीड वीत, मामांच्या दिशेनं, आणि तिथेच बनातीवर टेकून राहिला. कृपादान सर "अरे वा!" असं ओरडले आणि खडू मोडला.

तांबडा झरझर गेला, पॉकेटाच्या दोन्ही ओठांना आपटला, आणि ओठावर उभा राहिला. पडला नाही.

मामा तांबड्याकडे बघत होते. मग माझ्याकडे बघितलं.

"एवढंच हुतं व्हय?" ते म्हणाले. "मंग आदी का न्हाई बोलला?"

"तुम्हीच म्हणाला होतात, आधी हरवा."

"मी खेळाच्या भरात बोलून गेलो. चारचौघांत बोलल्यालं गिळायचं कसं?" मामांचा आवाज चढला, मला वाटतं, त्यांनाही बरेच दिवस चढवायचा असावा. "म्या म्हनलं, पोरगं शिकंल, हरवंल अन जाईल. तर सर सांगत्यात, सोमवारी झकास खेळतंय. अन रविवारी माज्याम्होरं नुसतं हरतंय! म्या काय समजायचं? म्हनलं, याला जायचंच न्हाई. तुपाला लागलंय. अवो, चार रविवार झालं, तांबडा भोकाच्या तोंडाशी आनून ठिवतोय तुमच्यासाटी. दुसरं काय करू? मुद्दाम चुकायचं म्हनलं तर हाताला जमना. तुमची मामी रोज कान खाती, पोरीला तिची चूल मांडू द्या म्हनून."

दाराआडून मामींचा आवाज आला, "व्हय तर!"

संचालक मंडळ आता कुणाला हसायचं ते न कळून एकमेकांकडे बघायला लागलं.

"चला," मामा म्हणाले. "डाव माजा हाय."

मी पलीकडे जाऊन पॉकेटापाशी उभा राहिलो. तांबडा ओठावर. मामांचा पांढरा चेंडू समोरच, हातभर अंतरावर. क्लबातल्या पोऱ्यानं केरसुणीच्या दांड्यानं मारला असता तरी पडला असता. मामा वाकले. काठी मागे घेतली. तेवढ्यात दारातून चांगुणा एक पाऊल आत आली. आपण आत आल्याचं तिला भान राहिलं नव्हतं. तिचा चेहरा इतका फुलला होता, की त्या घरात दोन वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता. मामांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं.

काठी पुढे आली आणि थबकली. चेंडू जागचा जेमतेम हलला, कण्हत कण्हत चार बोटं गेला, आणि प्रवरेकडे वळला.

मग संचालक मंडळानं एकच गलका केला. "सोडला! जावयासाठी सोडला!" "नारायणाला नैवेद्य दाखवला!" टाळ्या वाजल्या. कृपादान सरही हसत होते.

मामा हसले नाहीत. त्यांनी खडू घेतला आणि काठीच्या टोकाला लावू लागले. त्यांचा डाव संपला होता, तरी लावतच राहिले. मी जवळ गेलो.

"जावईबापू," ते खालच्या आवाजात म्हणाले, "ह्यो मुद्दाम न्हाई सोडला."

"ठाऊक आहे मामा."

"घाला तुमी आता."

मी वाकलो आणि तांबडा आत घातला. जाळीत पडल्याचा आवाज झाला. दाराशीच चांगुणानं पानसुपारीचं ताट खाली टाकलं आणि ती मोठ्यानं हसली, पहिल्यांदाच, सगळ्यांसमोर. या वेळी मामींनी पोच्याचं विचारलं नाही.

मामांनी फेटा काढून मांडीवर घेतला आणि पुसायला काही नसताना त्याचं टोक पुसत राहिले.

"ती क्वार्टर," ते म्हणाले, "घरापासनं किती लांब हाय?"

या कारखान्याची पहिली वीट रचली तेव्हापासून मामा तो रस्ता रोज पायी येत-जात होते. तरी मी सांगितलं.

"सायकलनं दहा मिनिटं, मामा."

"म्हंजे लांबच की," मामा म्हणाले.